मुद्दाम चुकीची लिहिलेली मारहाण

कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धांतून मी अकरा वेळा मेले. विष खाऊन, पेटवून घेऊन, विहिरीत पडून, आणि एकदा नुसत्या अपमानाने. मरायला मला मनापासून आवडायचं. शेवटच्या रांगेत कुणी नाक शिंकरलं की मी आणखी अर्धं मिनिट तडफडायचे. त्यामुळे पन्नाशी ओलांडल्यावर बायकांना घरात होणाऱ्या मारहाणीचा अभ्यास करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला वाटलं, हा विषय आपला. मार खाण्याचा माझा अनुभव दांडगा होता. फक्त सगळा खोटा होता.

आमची संस्था नौपाड्यात, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत. खालून दात कोरल्याचा आवाज यायचा आणि वर आम्ही हिंसेच्या व्याख्येवर चर्चा करायचो. मोठी शोभायची ती चर्चा त्या पार्श्वसंगीताला. तिथे चार जणांनी बसून चाळीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. सतरावा प्रश्न असा होता: गेल्या वर्षभरात पतीने आपल्यावर हात उचलला आहे का? कधीच नाही, क्वचित, कधी कधी, नेहमी. योग्य पर्यायावर खूण करा.

ही प्रश्नावली घेऊन मी आंबिवलीला एका चाळवस्तीत गेले. तिथल्या बायकांचं एक भजनी मंडळ होतं, दर बुधवारी दुपारी जमायचं. अकरा बायका, एक पेटी, एक मृदंग, बाकीच्यांच्या हातात टाळ. मंडळ चालवायच्या त्या मावशी एका शाळेत आया म्हणून निवृत्त झालेल्या. शाळेतल्या दीड-दोनशे पोरांना नुसत्या भुवईने गप्प बसवायची त्यांना सवय. त्यांनी मला चहा दिला, भुवई उचलली आणि अकराही जणींना प्रश्नावली भरायला बसवलं.

अकरा जणींनी 'कधीच नाही'वर खूण केली. त्यातल्या एकीचा डोळा जांभळा झाला होता. म्हणाली कपाटाचं दार लागलं. दुसरीचं बोट वाकडं होतं; तेही कपाटाचंच दार. त्या वस्तीतली कपाटं फार रागीट आहेत, एवढाच निष्कर्ष मला त्या कागदांतून काढता येत होता. तोच मी आमच्या सरांना सांगितला. सर हसले नाहीत.

मग मी माझ्या जुन्या खोडीवर गेले. एका रात्रीत नव्हे, चांगले तीन दिवस बसून मी एक गोष्ट लिहिली. अशाच वस्तीतली एक बाई, तिचा नवरा, आणि एक मारहाण. पुढच्या बुधवारी भजन संपल्यावर मी मावशींना म्हटलं, मी एक गोष्ट लिहिलीय, वाचून दाखवू का? त्या म्हणाल्या, दाखवा की, आमचं काय जातंय.

मी उभी राहून वाचली, अगदी हातवारे करून. रविवारची सकाळ होती. तो पेपर वाचत बसला होता. चहा गार आहे म्हणून त्याने तिच्या कानाखाली वाजवली. ती किंचाळली, 'नका हो मारू,' म्हणाली आणि धावत दाराबाहेर गेली.

वाचून झालं. मी मान खाली घालून टाळ्यांची वाट बघत उभी राहिले. टाळ्या आल्याच नाहीत. जांभळ्या डोळ्याची बाई पदर तोंडाला लावून हसत होती.

"रविवारी कसा असेल तो घरी?" ती म्हणाली. "कंपनीला सुट्टी शुक्रवारी असते."

मी पंचावन्न वर्षांची, ठाण्यात वाढलेली. आमच्या या पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांना शुक्रवारची सुट्टी असते हे मला माहीत होतं. पण माझ्या प्रश्नावलीत 'शनिवार-रविवारी वाद होतात का' असाच प्रश्न होता, आणि या बायकांनी अगदी खरं उत्तर दिलं होतं: नाही.

पुढचं सगळं भरभर आलं. दुसरी म्हणाली, चहावरून नाही मारत, चहावरून शिव्या देतात, मारतात ते जेवणावरून. तिसरी म्हणाली, कानाखाली कशाला मारेल, गाल सुजला की सकाळी नळावर चार जणी बघतात. पाठीत मारतात, मांडीवर मारतात, पोटऱ्यांवर मारतात. आणि ती बाहेर कशी पळेल, दार आधीच लावलेलं असतं. आधी कडी, मग टीव्हीचा आवाज मोठा. ओरडत तर कुणीच नाही, पदराचा बोळा तोंडात असतो. कधी तो घालतो, कधी तीच घालून घेते, पोरं उठू नयेत म्हणून. मृदंग वाजवणारी बाई अंगाने दणकट. तिने मला उभं करून माझ्या कमरेवर बोट ठेवून दाखवलं. इथे लाथ बसली की दोन दिवस लघवीतून रक्त जातं, आणि वरून काही दिसत नाही. हे सगळं तिने मला इडलीचं पीठ कसं आंबवतात ते सांगावं तसं सांगितलं.

भजनात एखादी बेसूर झाली की या बायका तिला तसं राहू देत नाहीत. बाकीच्या दहा जणी बरोबरचा सूर मोठ्याने उचलतात आणि तिला ओढून आणतात. माझ्या गोष्टीचं त्यांनी तेच केलं. चुकीचं ऐकवत नव्हतं त्यांना.

मला हर्षवायू झाला. खोटं कशाला बोलू? मी दातांच्या दवाखान्याचा जिना धावतच चढून आमच्या ऑफिसात गेले. त्या दिवसापासून मी दर आठवड्याला एक पान मुद्दाम चुकीचं लिहायचे, बुधवारी वाचायचे आणि त्यांनी केलेल्या दुरुस्त्या वहीत उतरवून घ्यायचे. नियम एकच होता: जे बोलायचं ते गोष्टीतल्या बाईबद्दल. 'तुमच्याकडे असं होतं का' हे कुणी कुणाला विचारायचं नाही. सरांना ही पद्धत पटेना. त्यांनी विचारलं, यात उत्तरं देणाऱ्या किती. मी म्हटलं, अकरा आणि एक. ही एक कोण, तर म्हटलं, ती अस्तित्वात नाही. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. खाली कुणाची तरी दाढ निघत होती.

आता तिच्याबद्दल सांगते, जिच्यामुळे हे लिहिते आहे.

मंडळात टाळ वाजवणारी एक बाई होती, तिशीची, काटकुळी. पहिले तीन बुधवार ती एक शब्द बोलली नव्हती. तिचा नवरा एका कारखान्यात प्रेसवर कामाला. ती शुक्रवारचं व्रत करायची, म्हणजे दिवसभर उपास आणि घरात आंबट काही खायचं नाही, शिवायचंसुद्धा नाही. हे मला माहीत होतं म्हणून चौथ्या आठवड्यात मी हिशेबाने एक प्रसंग लिहिला. शुक्रवार, नवऱ्याची सुट्टी, बायकोचा उपास. तो मटण घेऊन येतो, लिंबू मागतो, घरात लिंबू नसतं, म्हणून तो तिला मारतो.

"लिंबू तोच आणतो," ती म्हणाली.

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. ती टाळांच्या दोरीकडे बघत राहिली आणि त्याच सपाट आवाजात तिने पुढचं सांगितलं. तो लिंबू स्वतः आणतो, स्वतः कापतो. तिचे केस धरून मान मागे ओढतो आणि तिच्या तोंडात पिळतो. तिने दात आवळले तर डोळ्यांत पिळतो. तोंडातलं ती थुंकली, की अन्नावर थुंकली म्हणून मारतो. ती थुंकेपर्यंत हातसुद्धा लावत नाही.

मावशी हळूच म्हणाल्या, "व्रत मोडायचं असतं मेल्याला."

मी लिहीत होते. माझं पेन पळत होतं आणि मला आनंद होत होता. इतका नेमका तपशील मला चाळीस प्रश्नांत मिळाला नसता, चारशेत मिळाला नसता. मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. नंतर मावशींनी सांगितलं, ते त्या दिवशी लालभडक होते.

पाचव्या बुधवारी मी काही वाचायच्या आधीच ती बोलली. गोष्टीतल्या त्याने कंपनीतून एक सळई आणलीय. हातभर लांब. सिलिंडरच्या मागे ठेवलीय. तिच्या एका टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलीय, धरायला बरी पडावी म्हणून. येत्या शुक्रवारी, असं तो म्हणालाय.

मी विचारलं, शुक्रवारी काय करणार आहे तो?

"ते तुम्ही ठरवायचं ना, मॅडम," ती म्हणाली. "गोष्ट तुमची."

हे वाक्य मी वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, सगळ्यांचा निरोप घेतला आणि कल्याणची रिक्षा पकडली. रिक्षात बसून मी वही उघडून पुन्हा वाचत होते, स्वतःवर खूश होऊन. आणि चिकटपट्टीपाशी अडकले. सळई मला सुचली असती. सिलिंडरच्या मागची जागाही सुचली असती. पण धरायला बरी पडावी म्हणून टोकाला चिकटपट्टी गुंडाळणं मला जन्मात सुचलं नसतं. हात घसरू नये याची काळजी तोच करतो, ज्याला पुष्कळ वेळा मारायचं असतं.

रिक्षा तशीच वळवली. रिक्षावाला म्हणाला, काय विसरलात, काकी?

मावशी दारात लसूण सोलत बसल्या होत्या. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. त्यांच्या आणि तिच्या खोलीत एकच भिंत. त्यांना सगळं ठाऊक होतं, वस्तीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. मग दार का नाही वाजवत कुणी, असं मी जरा वरच्या पट्टीत विचारलं. मावशींनी लसूण खाली ठेवला आणि सांगितलं, जी दुसऱ्याचं दार वाजवते, तिच्या घरी त्या संध्याकाळी तिचा नवरा विचारतो, फार पुळका आलाय का? आणि मग तिच्या घरचा टीव्ही मोठा होतो.

त्यांनी तिला बोलावलं. आणि मी माझाच नियम मोडला. विचारलं, ही सळई तुमच्या घरात आहे ना?

"गोष्टीतलंच बोला, मॅडम," ती म्हणाली.

तर गोष्टीतलंच बोललो. गोष्टीतल्या बाईला पोलिसात जायचं नव्हतं, निदान शुक्रवारच्या आधी नाही. तिला जायला एक जागा होती. पण निघायच्या आधी तिला आपले कागद हवे होते आणि ते त्याच्या कपाटात होते. कपाटाची चावी तो कामाला जाताना खिशात घेऊन जायचा. सुट्टीच्या दिवशी ती खिळ्याला टांगलेली असायची. म्हणजे निघायचं तर शुक्रवारीच, तो घरात असताना. तिला फक्त तो शुक्रवार एकटीने नको होता. नाहीतर तो तिला जिवंत ठेवणार नव्हता, हे तिने 'आज पाणी येणार नाही' म्हणावं तसं सांगितलं.

मावशींनी लसणाची पाकळी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाल्या, "भजन नेता येतं."

शुक्रवारी सकाळी दहाला आम्ही अकरा जणी तिच्या दारात उभ्या राहिलो, पेटी, मृदंग, टाळ घेऊन. अकरावी मी. मला सूर नाही म्हणून माझ्या हातात चिपळ्या दिल्या होत्या. त्याने दार उघडलं. बनियन, अर्धी चड्डी, नुकती दाढी केलेला. दिसायला अगदी साधा, बँकेत रांगेत आपल्या पुढे असतो तसा. मावशींनी त्याला सांगितलं की त्याच्या बायकोच्या व्रताचं आज उद्यापन, तिनेच मंडळाला बोलावलंय. एव्हाना शेजारची चार दारं उघडली होती. दारात आलेलं भजन परत पाठवणारा माणूस त्या वस्तीत अजून जन्माला यायचा आहे. तो बाजूला झाला आणि जाऊन जिन्यावर बसला.

दहा बाय बाराची खोली. आम्ही दाटीवाटीने बसलो, मुद्दाम दाराकडे पाठ करून. आमच्या पाठींच्या आड तिने चावी काढली. कपाट उघडलं. तो डोकावला की मावशी स्वर चढवायच्या आणि आम्ही सगळ्या डुलायला लागायचो. आधार कार्ड, शाळेचा दाखला, लग्नाचा कागद, एकेक करून मृदंगाच्या गवसणीत गेलं. माझ्या चिपळ्या एकदाही तालात पडल्या नाहीत, आणि आयुष्यात इतका रंगलेला प्रयोग मी केलेला नाही. तो जिन्यावरून हलेना, म्हणून तीन तास आम्ही गायलो. घसे बसले. आणि मला, मूर्ख बाईला, वाटलं की आता हे असंच सुखरूप संपणार.

एक वाजता तो आत आला. म्हणाला, झालं आता, उठा. मावशी म्हणाल्या, एक शेवटचं. त्याची नजर कपाटावर गेली. दार नीट लागलं नव्हतं.

पहिली लाथ पेटीला बसली. पेटीचा भाता फाटला आणि त्यातून एक लांबलचक सूर निघाला. दुसऱ्या क्षणी त्याने तिचे केस धरले आणि तिला बायकांच्या मांड्यांवरून ओढत नेलं. तिची भुवई ओट्याच्या कडेवर आपटली. तो आवाज मला कुठल्याही गोष्टीत लिहिता येणार नाही, ओल्या नारळासारखा होता. मग त्याने सिलिंडरमागे हात घातला. मी मध्ये कशी गेले मला ठाऊक नाही. चिकटपट्टी मी अगदी जवळून पाहिली. काळी होती. सळई तिच्या डोक्याऐवजी माझ्या मनगटावर बसली.

अकरा मरणांत मी नाना तऱ्हेने किंचाळले होते. या वेळी तोंडातून कुत्र्याचं पिल्लू पायाखाली यावं तसा बारीक आवाज आला आणि मी खाली बसले. म्हणून पुढचं सगळं मी खालून पाहिलं.

मावशी उठल्या. त्यांनी दाराला कडी लावली. जांभळ्या डोळ्याच्या बाईने टीव्हीचा आवाज मोठा केला. मृदंगवालीने त्याला मागून धरून पाडलं, कुणीतरी त्याच्या तोंडात पोळपाटाखालचं फडकं कोंबलं, आणि मग त्या दहाही जणी त्याच्यावर तुटून पडल्या. ओरडाआरडा नाही, शिव्या नाहीत. पाठीत, मांड्यांवर, पोटऱ्यांवर. टाळांनी, लाटण्याने, कोपरांनी. मृदंगवालीची टाच बरोबर त्या कमरेवरच्या जागी बसत होती. त्याच्या चेहऱ्याला एकीनेही हात लावला नाही. कुठे मारलं की सकाळी नळावर दिसत नाही हे प्रत्येकीला ठाऊक होतं. सतराव्या प्रश्नाला 'कधीच नाही' असं उत्तर देणारे हात होते ते. बरगडीचा आवाज आला. मला ते बघायला आवडत होतं. माझं मनगट भलत्याच दिशेला वळलेलं होतं, आणि मला ते बघायला आवडत होतं.

ती ओट्याला टेकून बसली होती. भुवईतून रक्त हनुवटीपर्यंत आलं होतं. तिने एकदाही हात उचलला नाही. नुसती बघत होती, मग म्हणाली:

"पुरे, मावशी. मेला तर मला इथेच राहावं लागेल."

सगळ्या जिथल्या तिथे थांबल्या. तिने गवसणी उचलली, त्याला ओलांडून दाराशी आली, कडी काढली आणि जिना उतरून गेली. मावशींनी टीव्ही बंद केला.

माझ्या मनगटात स्टीलची पट्टी घातली, दोन स्क्रू बसले. डॉक्टरांना मी काय सांगितलं ते विचारू नका, कपाटाचं दारच सांगितलं. त्यानेही दवाखान्यात सांगितलं, जिन्यावरून पडलो. पोलिसात ती गेली, पण नंतर, दुसऱ्या गावातून, वकील बाई बरोबर घेऊन. इकडे दहा जणींपैकी चौघींना त्याच संध्याकाळी घरी मार बसला, भजनाला गेल्या म्हणून. त्यात मृदंगवाली होती. मंडळ तीन महिने बंद राहिलं. मी हे सगळं अहवालात लिहिलं आणि सरांनी त्यातलं निम्मं काढलं. त्यांचं चुकलं असं मला आज वाटत नाही. मारहाणीची गोष्ट सांगून मी बायकांकडून मारहाण काढून घेतली होती, आणि कुणाचा जीव टांगणीला आहे हे कळायला मला एक चिकटपट्टी लागली.

ती जिवंत आहे. काम करते. भुवईवर वण आहे, तो टिकलीने झाकता येत नाही याची कुरकुर करते.

हा मजकूर छापायला द्यायच्या आधी मी तिला फोनवर पूर्ण वाचून दाखवला, चांगला अभिनय करून. मधे ती दोनदा हसली. त्याच्या दाढीपाशी एकदा आणि माझ्या किंचाळण्यापाशी एकदा. शेवटी मी तिची नवी खोली, ती जिथे काम करते ती जागा, गावाचं नाव, असं सगळं रंगवून लिहिलं होतं. ते तिने काढायला लावलं.

"तो वाचतो, मॅडम. गोष्टी फार वाचतो."

मी म्हटलं, आंबिवलीही काढते. ती म्हणाली, ते राहू द्या, ते त्याला माहीतच आहे. मग मी म्हटलं, हरकत नाही, तुझ्या गावाच्या जागी दुसरं गाव घालते, मुद्दाम चुकीचं. त्यात माझा हातखंडा आहे.

"ते पण नको," ती म्हणाली. "तो तिथे जाईल. तिथे माझ्यासारखी दिसणारी कुणीतरी असेलच."

म्हणून इथे गावाचं नाव नाही.